सर्दी गेली, गाठ का राहिली?

परवा दवाखाना बंद करायच्या वेळेला एक आई आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाचं सगळं लक्ष माझ्या टेबलावरच्या स्टेपलरकडे होतं. आई मात्र खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "डॉक्टर, ती गाठ अजून आहेच."

महिनाभरापूर्वी या मुलाला ताप, सर्दी आणि घसादुखी झाली होती. चार दिवसांत ताप उतरला, आठवड्याने तो शाळेत जायला लागला. पण जबड्याच्या कोपऱ्याखाली, मानेच्या उजव्या बाजूला आलेली गाठ गेली नाही. आई रोज रात्री तो झोपला की ती चाचपून बघायची. मग मोबाईलवर वाचायची. मग तिची झोप उडायची.

मी जुना केसपेपर काढला. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "उजवीकडे, अडीच सेंटीमीटर, दुखरी." आता पुन्हा मोजली. एक सेंटीमीटरपेक्षा थोडी कमी. बोटाखाली हलत होती, दाबल्यावर मुलगा हसत होता. आईला मोजपट्टी दाखवली तेव्हा ती म्हणाली, "मला तर तेवढीच वाटत होती."

बरोबर आहे. रोज बघणाऱ्याला आपलं मूल वाढलेलं कळत नाही, सहा महिन्यांनी आलेल्या मामाला लगेच कळतं. गाठीचंही तसंच आहे.

ती घरी गेली, पण तिचा प्रश्न तुमच्यापैकी कितीतरी जणांचा असतो. आजार गेला, मग गाठ का राहिली? आज त्याबद्दलच लिहिते आहे. शिवाय या विषयात माझ्या हातून एक चूक झालेली आहे. तीही सांगणार आहे, कारण तिच्यातून मी जे शिकले ते तुमच्या उपयोगाचं आहे.

लग्न एक दिवसाचं, मांडव आठवडाभराचा

आपल्या शरीरात पाचशेहून जास्त लसिका ग्रंथी असतात. त्यांनाच आपण लिम्फ नोड म्हणतो. मानेत, काखेत, जांघेत त्या त्वचेच्या जवळ असतात म्हणून हाताला लागतात. छातीत आणि पोटात त्या खोलवर असतात.

प्रत्येक ग्रंथीची आपली हद्द ठरलेली असते. घसा, टॉन्सिल आणि दातांचा भाग जबड्याखालच्या ग्रंथींकडे. डोक्याची त्वचा मानेच्या मागच्या आणि कानामागच्या ग्रंथींकडे. म्हणून डोक्यात उवा किंवा केसतोड झाला की मुलांच्या मानेवर मागे बारीक गाठी येतात. हात आणि स्तनाचा भाग काखेकडे, पाय जांघेकडे. पायाला काटा लागून तो चिघळला की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडे शेतात राबणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पावसाळ्यात चिखल्या झालेल्या पायांबरोबर येणारं अवधाण मी दरवर्षी बघते. गाठ जांघेत असते, पण औषध बोटांच्या बेचक्यात लावायचं असतं.

आता जंतू शरीरात शिरला की काय होतं? त्याचे तुकडे त्या हद्दीतल्या ग्रंथीत पोहोचवले जातात. तिथे लिम्फोसाइट नावाच्या लाखो पेशी थांबलेल्या असतात. ज्या थोड्या पेशींना हा विशिष्ट जंतू ओळखता येतो, त्या भराभर आपल्या प्रती काढायला लागतात. बाहेरून आणखी पेशी येतात, रक्तपुरवठा वाढतो, ग्रंथी फुगते. तिच्यावरचं आवरण ताणलं जातं, म्हणून ती दुखते. म्हणजे गाठ येते तेव्हा ग्रंथी आजारी असतेच असं नाही. बहुतेक वेळा ती नुसती कामात असते.

जंतू संपला तरी गाठ का राहते, हे समजायला आपल्याकडचं लग्न आठवा. लग्न एका दिवसात लागतं. पण मांडव उतरवायला, भांडी परत करायला, पाहुणे पांगायला आठवडा जातो. ग्रंथीत जमलेल्या जादा पेशींनाही आवरतं घ्यावं लागतं. त्यातल्या बहुतेक मरतात. काही थोड्या, पुढच्या वेळी जंतू ओळखण्यासाठी, कायमच्या मागे राहतात. या आवराआवरीला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. आणि मांडवाचा एखादा खांब अंगणात राहूनच जावा, तसा ग्रंथीत थोडा घट्टपणा कधीकधी कायम राहतो. तो वाटाणा मग वर्षानुवर्षं हाताला लागतो आणि काहीही त्रास देत नाही.

लहान मुलांचं आणखी वेगळं. शाळेत जाणाऱ्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं काही विशेष नाही. एक मांडव उतरतोय तोवर दुसरं लग्न उभं राहतं. त्यामुळे निरोगी, खेळत्या, खात्यापित्या मुलांच्या मानेत एक सेंटीमीटरपर्यंतच्या, सुट्या, हलणाऱ्या गाठी सापडणं ही रोजची गोष्ट आहे. बाळाला जन्मल्यावर डाव्या दंडावर बीसीजी टोचतात. त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डाव्या काखेत लहान गाठ येऊ शकते. ती लाल झाली नाही, पिकली नाही, तर बहुतेक वेळा आपोआप विरते. २०२१ साली कोविडची लस घेतल्यावर ज्यांच्या काखेत गाठ आली होती, त्यांनी हाच प्रकार अनुभवला. लस म्हणजे ग्रंथीसाठी रंगीत तालीमच.

'गाठ' या शब्दाची भीती

एवढं सगळं साधं असेल तर आपण इतके घाबरतो का? एक कारण तुम्हाला माहीत आहे. तो शब्द कुणी दवाखान्यात पहिल्यांदा उच्चारत नाही. "काही वाईट नसेल ना?" एवढंच विचारतात. मीच मग "कॅन्सर म्हणताय का?" असं विचारते. शब्द एकदा बाहेर आला की बोलणं सोपं होतं.

दुसरं कारण जुनं आहे. १८९६ साली मुंबईत आणि १८९७ साली पुण्यात प्लेग आला. जांघेत किंवा काखेत गाठ आणि ताप, ही त्याची खूण. त्याला तेव्हा ग्रंथिक सन्निपात म्हणत. त्या साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. माझी आजी 'गाठीचा ताप' हे शब्द आवाज खाली आणून उच्चारायची. तिने स्वतः ती साथ पाहिलेली नव्हती, तिच्या थोरल्यांनी पाहिली होती. प्लेग गेला, पण भीती राहिली.

आणि ही भीती डॉक्टरांनाही सोडत नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिला एक लांबलेला विषाणूजन्य ताप आला. बरी झाल्यावर मानेत दोन्ही बाजूंना गाठी राहिल्या. मला सगळं माहीत होतं. तरी मी रोज रात्री टॉर्च घेऊन तिच्या खोलीत जायचे आणि मान चाचपायचे. एका रात्री नवरा दारात उभा राहून म्हणाला, "अगं, तिला झोपू दे. तू दाबतेस म्हणूनच दुखतं तिला."

त्याचं बरोबर होतं. सारखी दाबलेली गाठ दुखत राहते, आणि दुखते म्हणून आपण ती पुन्हा दाबतो. शेवटी मी माझ्या सहकारी बालरोगतज्ज्ञांकडे मुलीला दाखवलं. त्यांनी माप लिहून ठेवलं आणि मला बजावलं, "आता तीन आठवडे हात लावायचा नाही." तीन आठवड्यांनी गाठी निम्म्या झाल्या होत्या. त्या पूर्ण विरायला पुढे अडीच महिने लागले.

माझी चूक

आता ती दुसरी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी बावीस वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली होती. गाव लांब, शहरात कॉट बेसिसवर राहायची, मेसचं जेवायची. सर्दी-खोकला होऊन गेला होता आणि मानेच्या डाव्या बाजूला एक गाठ राहिली होती. मी तपासलं. सुटी होती, हलत होती, दीडेक सेंटीमीटर. मी म्हणाले, "काळजी करू नकोस, जाईल आपोआप."

त्या दिवशी माझं निदान चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. दहातल्या नऊ मुलींना मी तेच सांगितलं असतं. चूक पुढची होती. किती दिवसांत जाईल, नाही गेली तर कधी यायचं, हे मी सांगितलंच नाही. माप लिहून ठेवलं नाही.

ती पाच महिन्यांनी आली. मानेत एकीच्या जागी चार गाठी होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. एक मऊ पडली होती आणि तिच्यावरची त्वचा काळपट झाली होती. वजन सहा किलो उतरलं होतं. ते अभ्यासामुळे आणि मेसच्या जेवणामुळे असेल असं तिने धरलं होतं. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, तेही जागरणामुळे. मधे औषधाच्या दुकानातून दोनदा अँटिबायोटिक आणून खाल्ली होती.

मी विचारलं, "अगं, आधी का नाही आलीस?"

ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात ना, जाईल म्हणून. मी वाट बघत होते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सुईने नमुना घेतला, सीबीनॅट तपासणीला पाठवला. ग्रंथींचा टीबी निघाला. आपल्या जुन्या लोकांनी यालाच गंडमाळा म्हटलं. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, म्हणजे तिच्यापासून खोलीतल्या मैत्रिणींना धोका नव्हता. नुसत्या गाठींचा टीबी खोकल्यातून पसरत नाही. तिचे वडील गावाहून आले. त्यांनी मला बाजूला घेऊन दोन गोष्टी विचारल्या. पोरगी वाचेल ना? आणि लग्नाच्या वेळी गळ्यावर व्रण दिसेल का? पहिल्याचं उत्तर मी लगेच दिलं. दुसरं ऐकताना मला कळलं, की पाच महिने आधी निदान झालं असतं तर हा प्रश्न त्यांना विचारावा लागला नसता.

सहा महिने गोळ्या घेतल्या तिने. दुसऱ्या महिन्यात गाठी कमी व्हायच्या ऐवजी जरा मोठ्याच झाल्या. ती घाबरून आली. असं होऊ शकतं. औषधाने मेलेल्या जंतूंवरही शरीर प्रतिक्रिया देतं, म्हणून गाठी तात्पुरत्या फुगतात किंवा नवी एखादी येते. डॉक्टरांना दाखवायचं, पण गोळ्या आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत. उपचार संपल्यावरही तिच्या मानेत एक लहान गाठ राहिली. ती आजार नव्हे, ती आजाराची खूण. परीक्षेचा निकाल सांगायला ती कधी आली नाही, पण शेवटचा डोस घेतल्याचं सांगायला मात्र मुद्दाम आली.

टीबीचं निदान आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी आता दरमहा १००० रुपये मिळतात. हे मी इथे लिहिते, कारण खर्चाच्या धास्तीने तपासणी टाळणारे लोक मला भेटतात.

मग थांबायचं किती, आणि धावायचं कधी?

त्या मुलीनंतर मी एक नियम केला. 'जाईल' हा शब्द तारखेशिवाय वापरायचा नाही. तुम्हीही डॉक्टरांकडून तारीख मागून घ्या. आणि घरी एवढं करा. गाठ कुठे आहे, केवढी आहे आणि आजची तारीख, हे कॅलेंडरवर लिहा. दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. मधे हात लावू नका.

थांबायला हरकत नाही, जर:

- गाठ नुकत्याच झालेल्या सर्दी, घसा, दात, जखम किंवा लसीनंतर, त्याच हद्दीत आलेली आहे;
- ती सुटी आहे, बोटाखाली सरकते;
- दोन आठवड्यांनी तेवढीच किंवा लहान आहे, मोठी नाही;
- माणूस बाकी ठणठणीत आहे, भूक-झोप-वजन नीट आहे.

तारखेची वाट न बघता दाखवायला या, जर:

- गाठ वाढते आहे, किंवा एकीच्या चार झाल्या आहेत;
- दगडासारखी टणक आहे, हलत नाही, किंवा गाठी एकमेकींना चिकटल्या आहेत;
- गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळगीत आहे. ही जागा छाती आणि पोटाच्या हद्दीत येते, त्यामुळे इथली लहान गाठही तपासायचीच;
- मान, काख आणि जांघ अशा वेगवेगळ्या ठिकाणी एकदम गाठी आहेत;
- संध्याकाळचा ताप, अंथरूण भिजेल असा रात्रीचा घाम, किंवा कारण नसताना उतरलेलं वजन आहे;
- गाठ लाल, गरम, खूप दुखरी झाली आहे. ही पिकत असू शकते आणि तिला वेळेवर औषध लागतं;
- वय चाळिशीच्या पुढे आहे आणि तंबाखू, गुटखा किंवा मिश्रीची सवय आहे. अशा वेळी मानेतली गाठ न दुखणारी असली तरी तोंड आणि घसा आतून तपासून घ्यायलाच हवा.

आणि यातलं काहीही नसलं तरी, चार ते सहा आठवड्यांत एक सेंटीमीटरहून मोठी गाठ कमी व्हायचं नाव घेत नसेल, तर तपासणी करायची. न दुखणारी गाठ साधी, हा मोठा गैरसमज आहे. उलट जंतुसंसर्गाची गाठ बहुधा दुखते, आणि टीबीची किंवा कॅन्सरची बऱ्याचदा मुळीच दुखत नाही. दुखत नाही म्हणून राहून जाते.

तपासणीबद्दल थोडं

सोनोग्राफीच्या कागदावर 'रिॲक्टिव्ह लिम्फ नोड्स' असं वाचून घाबरलेले लोक मला आठवड्यातून एकदा तरी भेटतात. त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की ग्रंथी कशाला तरी प्रतिसाद देते आहे आणि तिची आतली ठेवण शाबूत दिसते आहे. बहुतेक वेळा ही चांगली बातमी असते.

सुई लावली की गाठ पसरते, ही भीतीही सोडा. बारीक सुईने ग्रंथीतल्या चार पेशी घेतल्याने कॅन्सर पसरत नाही. उशीर केल्याने मात्र पसरू शकतो. कधी सुईच्या नमुन्यावरून उत्तर मिळत नाही आणि पूर्ण गाठ काढून तपासावी लागते, विशेषतः लिम्फोमाची शंका असेल तेव्हा. 'पुन्हा तपासणी' म्हणजे पहिली वाया गेली असं नाही.

तीन गोष्टी मात्र करू नका. गाठ विरावी म्हणून एकामागून एक अँटिबायोटिक घेऊ नका. विषाणूंवर ती चालत नाहीत, आणि काही अँटिबायोटिक टीबीला अर्धवट दाबून निदान लांबवतात. निदानाआधी स्टेरॉइड घेऊ नका. त्याने लिम्फोमाची गाठसुद्धा काही दिवस लहान होते आणि सगळेच फसतात. आणि गाठीवर बिब्बा घालू नका, जोरात चोळू नका. बिब्ब्याने कातडी भाजते, गाठ होती तिथेच राहते.

त्या मुलाच्या आईला मी कागदावर लिहून दिलं, "उजवी बाजू, नऊ मिलिमीटर", त्याखाली त्या दिवशीची तारीख आणि त्याखाली महिन्यानंतरची. ती कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवताना म्हणाली, "म्हणजे तोवर बघायचंच नाही?"

"तोवर नाही. पण त्या तारखेला नक्की यायचं. गाठ गेली असली तरी या."

मुलाने तेवढ्यात स्टेपलर मारून माझ्या दोन चिठ्ठ्या एकमेकींना जोडून टाकल्या होत्या.